मधला मजकूर कोणीही लिहील

नाना कुठलाही लेख दोनदा वाचतात. पहिल्यांदा प्रत्येक परिच्छेदाचं नुसतं पहिलं वाक्य, दुसऱ्यांदा नुसतं शेवटचं. मध्ये काय आहे याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नसतं. "पहिलं नीट असेल तर मधलं नीट असतंच. आणि पहिलंच घसरलेलं असेल, तर मधलं वाचून आपण काय त्याला सावरणार?" या हिशेबानं सकाळचे तीन पेपर चहा गार व्हायच्या आत वाचून होतात आणि उरलेला अख्खा दिवस त्यांत काय चुकलं हे इमारतीतल्या लोकांना सांगायला मोकळा राहतो.

डोंबिवलीत भाषेचे राखणदार काही कमी नाहीत. प्रत्येक गल्लीत एक तरी असा असतो, जो दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ पाहून आत शिरतो आणि काही विकत न घेता मालकाला सुनावून बाहेर येतो. नाना त्या जातीचे, पण पोटजात वेगळी. शुद्धलेखनाला ते बोटही लावत नाहीत. "ते मुद्रितशोधकांचं खातं. दुसऱ्याच्या खात्यात लुडबुड नको." त्यांचं खातं म्हणजे परिच्छेदाची दोन टोकं. लग्नाच्या पत्रिकेपासून उपनिबंधकांना पाठवायच्या अर्जापर्यंत कुठलाही कागद हाती पडला की ते चष्मा कपाळावर सारतात, कागद नाकाशी नेतात, डावीकडच्या समासातून बोट खाली खाली आणतात आणि जिथे परिच्छेद सुरू होतो तिथे थांबून ओठ मुडपतात. त्या मुडपण्याचे प्रकार आहेत. दोन्ही ओठ आत गेले तर वाक्य काढून टाकायचं. खालचा नुसता पुढे आला तर बदलायचं. काहीच झालं नाही तर वाक्य चांगलं. असं क्वचित घडतं, आणि घडलं की नानांचाच चेहरा जरा पडतो.

हे वेड नोकरीतून लागलं. मुंबईच्या एका दैनिकात नाना डेस्कवर उपसंपादक होते, आणि तेही बहुतेक काळ रात्रपाळीला. बातमी लिहिण्याचा एक जगभरचा रिवाज आहे: सगळ्यात महत्त्वाचं आधी, मग त्याहून कमी, आणि बिनमहत्त्वाचं तळाला. पत्रकारितेच्या वर्गात याला उलटा पिरॅमिड म्हणतात. नानांच्या डेस्कवर त्याला नाव नव्हतं, कारण तिथे त्याचा रोज प्रत्यय यायचा. रात्री उशिरा एखादी जाहिरात यायची, पानावरची जागा खायची आणि बातमी कापावी लागायची. वाचून कापायला वेळ कोणाला? खालून उडवायची. खिळे जुळवण्याच्या काळात कंपोझिटर गॅलीतल्या तळाच्या ओळी उचलून बाजूला ठेवायचा. पुढे कॉम्प्युटर आला, ब्रोमाईडच्या पट्ट्या आल्या, तेव्हा पेस्टिंगवाला कटरनं तळ उडवायला लागला. हत्यार बदललं, मरणारी ओळ तीच राहिली. बातमीदार ज्या ठसकेबाज शेवटच्या वाक्यावर संध्याकाळपासून खूश असायचा, ते रोज केराच्या टोपलीत. "मी पोरांना सांगायचो," नाना म्हणतात, "तुला जे शेवटी म्हणायचंय ते आधी म्हणून घे. शेवट पेस्टिंगवाल्याच्या मालकीचा आहे."

अग्रलेखाला हा कायदा लागू नव्हता. अग्रलेख कापायची कोणाची छाती नव्हती, त्यामुळे तिथे शेवटचं वाक्य सुखानं नांदायचं. नानांनी जन्म काढला बातम्यांत, पण मन कायम अग्रलेखाच्या पानावर. केसरीनं १८९७ साली 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असा मथळा दिला, त्याचा विषय निघाला की ते खुर्चीतून उठतात. "मथळा म्हणतात लोक. मी म्हणतो, पहिलं वाक्य आहे ते! वाचणाऱ्यानं मनात उत्तर देऊन टाकलं की खालचा सगळा लेख त्याचाच झाला. टिळकांनी फक्त लिहून दिला." त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तो मात्र त्याआधीच्या, जूनमधल्या मजकुरावरून. नानांच्या मते सरकारी वकिलाला पहिल्या वाक्याची किंमत कळली नाही.

नानांची थट्टा करताना मला एका ठिकाणी हात आवरावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेलेली, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी लातूरकडून आलेला मजकूर डेस्कवर पडला, त्याची सुरुवात 'निसर्गाच्या रौद्र तांडवाने' अशी होती. पुढे 'हृदयद्रावक' होतं, 'काळाने घाला घातला' होतं. नानांनी ते सगळं काढलं आणि वर एक ओळ लिहिली: 'गणपती बोळवून लोक झोपले होते.' त्याखाली गावांची नावं, वेळ, तोवर हाती आलेला आकडा. शेवटचं वाक्य त्यांनी मदत कुठे पाठवायची त्याच्या पत्त्याचं ठेवलं आणि स्वतः जाऊन पेस्टिंगवाल्याच्या डोक्यावर उभे राहिले. "आज तळाला हात लावायचा नाही. कापायचंच असेल तर मधून काप." हे मला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं. नानांना विचारलं तर ते म्हणाले, "'बोळवून' बरोबर होतं का रे? की 'विसर्जन करून' हवं होतं? अजून ठरत नाही."

तर, मधला मजकूर कोणीही लिहील, हे त्यांचं ब्रीदवाक्य. दिवसातून चार वेळा ते म्हणतात आणि चार वेळा स्वयंपाकघरातून काकू "मग लिहा की" म्हणतात.

या मताला त्यांनी इतिहासाचा टेकूही शोधून ठेवला आहे. कोणी मागत नाही, तरी देतात. "मोडी लिहिणारे काय करायचे? आधी शिरोरेघ ओढून घ्यायची, मग खाली अक्षरामागून अक्षर, बोरू न उचलता. शब्द तोडायचा नाही, परिच्छेद पाडायचा नाही. पूर्णविराम वगैरे आपल्याला दिले मेजर कँडी साहेबानं, एकोणिसाव्या शतकात. मग त्याआधी लोक कागद वाचायचे कसे? दोन्ही टोकं पक्की होती म्हणून! 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' म्हटलं की आता मुद्दा येणार हे पेशव्यांच्या कारकुनाला कळायचं. 'बहुत काय लिहिणे' आलं, की संपलं. उठा, जेवायला चला." मग त्यांचा लाडका मुद्दा येतो. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या माथ्यावरची राजमुद्रा शाळेतल्या पोरालाही माहीत असते. पण मजकूर जिथे संपतो तिथे लगटून आणखी एक शिक्का असायचा, 'मर्यादेयं विराजते'. पत्राची हद्द इथे संपली. यापुढे कोणी एक अक्षर घुसडलं तर ते महाराजांचं नव्हे. नानांची अशी सूचना आहे की हा शिक्का शासनानं पुन्हा पाडून घ्यावा आणि संमेलनांतल्या अध्यक्षीय भाषणांच्या छापील प्रतींवर मारावा. कुठल्या पानावर, तेही त्यांनी ठरवलं आहे. आठव्या.

लोक त्यांच्याकडे कागद घेऊन येतात ते अर्थात इतिहासासाठी नाही. आमच्याच इमारतीतले एक निवृत्त बँक अधिकारी चारधाम करून आले आणि सोसायटीच्या स्मरणिकेसाठी त्यांनी यात्रावर्णन लिहिलं. नानांनी ते तपासलं तेव्हा मी तिथेच बसलो होतो. पहिला परिच्छेद 'मनुष्यजन्म एकदाच मिळतो' इथून निघाला होता. दोन्ही ओठ आत. दुसरा होता, 'हिमालय म्हटला की डोळ्यांसमोर उभी राहतात ती बर्फाच्छादित शिखरे.' "तुमच्या राहत असतील," नाना म्हणाले, "माझ्या डोळ्यांसमोर सध्या मोतीबिंदू उभा आहे." तिसऱ्यात यात्रा कंपनीचे आभार, चौथ्यात सहप्रवाशांची नावं, आडनावांच्या अकारविल्हे. पाचव्याशी बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, 'देवप्रयागच्या अलीकडे रात्री आठ वाजता आमच्या बसचा टायर फुटला आणि गाडीत जॅक नव्हता.'

"इथून सुरू," नाना म्हणाले.

"अहो, पण त्याआधीचं सगळं?"

"ती तुमची तयारी. उत्तम झाली. आता फाडा."

मग परिच्छेदांचे शेवट. अधिकाऱ्यांनी जवळजवळ प्रत्येक परिच्छेद 'तो अनुभव शब्दांत सांगता येणार नाही' या वाक्यानं मिटवला होता, केदारनाथला तर दोनदा. "मग पेन कशाला उचललंत?" नानांनी अगदी मायेनं विचारलं. टायरच्या परिच्छेदाचा शेवट असा होता: 'अखेर एका सद्गृहस्थांच्या सहकार्यामुळे जॅक उपलब्ध झाला व माणुसकी अजून जिवंत आहे याचा प्रत्यय आला, असे म्हणावेसे वाटते.'

"सद्गृहस्थ कोण?"

"दूधवाला होता हो एक. टेम्पो घेऊन चालला होता."

"थांबला?"

"थांबतोय कसला! दूध नासेल म्हणाला. जॅक तेवढा काढून दिलान् आणि गेला. परत येताना डेअरीवर ठेवून जा म्हणाला."

"मग ठेवलात?"

अधिकारी चुळबुळले. "आम्ही परत येताना कोटद्वारवरून आलो ना."

नानांनी लाल पेन्सिल काढली. मराठी वृत्तपत्रसृष्टीत या पेन्सिलीला एके काळी लोक भ्यायचे, असं नाना सांगतात. त्या पेन्सिलीनं त्यांनी सद्गृहस्थ काढले, सहकार्य काढलं, माणुसकी काढली आणि लिहिलं: 'जॅक दिला तो एका दूधवाल्यानं. परत येताना डेअरीवर ठेवा म्हणाला. आम्ही परत आलो ते दुसऱ्या रस्त्यानं.'

"आणि माणुसकी?" अधिकाऱ्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"तिचं काय ते वाचणारा बघून घेईल. तुम्ही सांगितलीत तर त्याला काही काम उरत नाही." मग पेन्सिल कानावर ठेवून नाना पाठाला लागले. "वजन कुठे पडलंय बघा. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून आपल्या लोकांचे सगळे परिच्छेद 'आहे'वर नाहीतर 'होते'वर येऊन बसतात. 'आहे'वर बसलेला परिच्छेद पुन्हा उठत नाही. जी गोष्ट वाचणाऱ्याच्या डोक्यात राहायला हवी ती ओढून तळाला आणा. 'आम्ही दुसऱ्या रस्त्याने परत आलो होतो' असं लिहिलंत तर ही नुसती माहिती. 'परत आलो ते दुसऱ्या रस्त्यानं' म्हटलं की तुमची चोरी पकडली गेली."

"चोरी कसली? जॅक यात्रा कंपनीकडे आहे!"

"हे पुढच्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य," नाना म्हणाले.

एका परिच्छेदातून दुसऱ्यात जाणं त्यांच्या मते गाण्याच्या भेंड्यांचा खेळ आहे. समोरच्यानं ज्या अक्षरावर सोडलं ते उचलायचं आणि पुढे निघायचं. चांगला लिहिणारा 'म'वर सोडतो, 'क'वर सोडतो, पुढच्याला दहा गाणी सुचतात. वाईट लिहिणारा 'ळ'वर सोडतो. मग पुढच्या परिच्छेदाला 'आता आपण दुसऱ्या मुद्द्याकडे वळू' असं म्हणत दारातून आत यावं लागतं, आणि वाचणारा त्याच दारातून बाहेर पडतो. बँक अधिकाऱ्यांनी हे इतकं मनावर घेतलं की पुढच्या खर्ड्यात त्यांचा जॅक बद्रीनारायणाच्या दर्शनाच्या रांगेतही आला. नानांनी तो तिथेही राहू दिला. त्या वर्षीच्या स्मरणिकेत लोकांनी वाचलेला लेख तो एकच. बाकी स्मरणिका जाहिरातींसाठी असते.

मुलांच्या निबंध स्पर्धेला परीक्षक म्हणून नानांना बोलावणं हा त्या मानानं धाडसी प्रयोग होता. वाचनालयानं तो एकदाच केला. विषय होता पाणी. गठ्ठ्यातल्या बहुतेक निबंधांची सुरुवात 'मानवी जीवनात पाण्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे' अशी होती आणि शेवट 'म्हणून प्रत्येकाने पाणी जपून वापरले पाहिजे' असा. नाना निबंध उचलायचे, वर बघायचे, खाली बघायचे आणि ठेवून द्यायचे. एका मुलीचा मात्र निघाला: 'आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येतं.' नाना सरसावून बसले. आता त्या पोरीला पाण्याचं महत्त्व सांगायची गरजच उरली नव्हती. कोण उठतं, कोण भरतं, शेजारणीची मोटर आधी लागली की काय होतं, हे सगळं त्या एका वाक्यातून ओघानं येणार होतं आणि आलंही. शेवट होता, 'सहाला पाणी जातं. आई डोकं टेकते तोवर माझा गजर वाजतो.' नानांनी पहिलं बक्षीस देऊन टाकलं.

त्यावर एक बाई भेटायला आल्या. त्या शाळेत शिकवायच्या. त्यांचं म्हणणं, निबंधाला प्रस्तावना नाही, समारोप नाही, सुविचार तर औषधालाही नाही. याला गुण कोणत्या तक्त्यात बसवायचे? नाना म्हणाले, "तक्ता बदला." बाई म्हणाल्या, "तक्ता बोर्डाचा असतो. तुमचं वाक्य छान, पण दहावीला तिनं असं लिहिलं आणि परीक्षकाला समारोप दिसला नाही तर गुण मी देऊ का?" माझं मत विचाराल तर बाईंचंही काही चुकत नव्हतं. समोर उत्तरपत्रिकांचा ढीग घेऊन बसलेला परीक्षकसुद्धा पहिलं वाक्य बघतो, शेवटचं बघतो आणि मधल्या मजकुराला सरासरीनं गुण देतो. म्हणजे वाचायची पद्धत नानांचीच. फक्त नानांना जे वाक्य बघून झोप लागते, ते बघून त्याला हायसं वाटतं.

सोसायटीनं नानांना एक वर्ष सचिव केलं होतं, त्याची कथा अजून गच्चीवर सांगितली जाते. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त हा मराठीतला सगळ्यात जुळवून ठेवलेला मजकूर. वर 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले', खाली 'अध्यक्षांचे आभार मानून सभा संपल्याचे जाहीर करण्यात आले', आणि मध्ये भांडणं झाली असली तरी 'सविस्तर चर्चा झाली'. नानांनी इतिवृत्त लिहिलं त्याचं पहिलं वाक्य होतं, 'टाकीत कबूतर सापडले.' शेवटचं होतं, 'झाकण कोणी उघडे ठेवले हे अध्यक्षांना माहीत आहे.' पुढच्या सभेत ते वाचून दाखवलं तेव्हा इमारतीच्या इतिहासात प्रथमच मागच्या रांगेतले लोक पुढे सरकून बसले. कायम मात्र झालं नाही. अध्यक्षांनी राजीनाम्याची धमकी दिली आणि नानांनी त्या धमकीचं पत्रही मागून घेतलं, सुरुवात दुरुस्त करून द्यायला.

भाषणांच्या बाबतीत ते हताश आहेत. "ज्ञानेश्वरांनी नऊ हजार ओव्या सांगितल्या आणि नऊ ओव्यांत पसायदान मागून थांबले. तुकोबा शेवटच्या चरणाला स्वतःचं नाव घालतात, त्यानंतर बोलायची कोणाची टाप नाही. आणि हा आमचा प्रमुख पाहुणा! 'मी आपला फार वेळ घेणार नाही' म्हणाला तेव्हा सव्वासात झाले होते. 'शेवटी एकच सांगतो' म्हणाला आठला, आणि साडेआठपर्यंत एकच सांगत होता." अशा सभेत नाना कडेची खुर्ची धरतात. पाहुण्याच्या भाषणात संपायला लायक असं वाक्य येऊन गेलं की ते दोन टाळ्या वाजवतात, या आशेनं की सभागृह उचलून धरेल. कधी कधी धरतं. मागे एका पुस्तक प्रकाशनाला या टाळ्यांनी कवीचं मनोगत अर्ध्यातच संपलं आणि कवीनं नंतर नानांचे हात हातात घेऊन आभार मानले. दाद समजला तो.

स्वतःच्या निधनाची बातमीही नानांनी लिहून कपाटाच्या खणात ठेवली आहे, लाइटबिलांच्या खाली. "एकच परिच्छेद आहे. वरून कापता येत नाही, खालून कापता येत नाही." त्यात 'अल्पशा आजाराने' नाही, 'पोकळी निर्माण झाली' नाही. तारखेची जागा मोकळी सोडली आहे. काकूंनी ती एकदा वाचली आणि 'त्यांच्या पश्चात पत्नी' या शब्दांपाशी पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. "कोण आधी, हे तुम्हीच ठरवलंत होय?" यावर नानांना उत्तर सुचलेलं नाही. मजकूर नव्यानं लिहावा लागणार, आणि या वेळी दोन प्रकारे.

एवढं सगळं असून नानांनी स्वतः काय लिहिलं, हा प्रश्न कोणालाही पडेल. लिहिलंय. चार वह्या भरून पहिली वाक्यं आणि एका पातळ वहीत शेवटची. माझ्यावर मर्जी असल्यानं मला काही पाहायला मिळाली. 'आत्याच्या लग्नात हरवलेला चांदीचा तांब्या सापडला तेव्हा आत्या माहेरी परत येऊन तीन वर्षं झाली होती.' 'मामा आयुष्यात एकदाच खोटं बोलले आणि त्यावर त्यांना नगरपालिकेनं मानपत्र दिलं.' पातळ वहीत एक होतं, 'किल्ली शेवटी पोस्टमननंच ठेवून घेतली.' मी अक्षरशः आधाशासारखं पान उलटलं, तर पुढे दुसरंच पहिलं वाक्य.

"नाना, तांब्याचं पुढे काय झालं?"

"तो मधला मजकूर. तो कोणीही लिहील."

"मग लिहा ना तुम्ही."

"मी काय कोणीही आहे?"

इथे माझं आणि नानांचं जमत नाही, पण हे त्यांना तोंडावर सांगायची सोय नाही. ज्या वाक्यावर बोट ठेवून ते 'इथून सुरू' म्हणतात, ते दरवेळी मधल्या मजकुरातच सापडतं. बँक अधिकाऱ्यांनी आधी मनुष्यजन्म, हिमालय, यात्रा कंपनी आणि सहप्रवाशांची अकारविल्हे यादी असं सगळं लिहून काढलं, म्हणून पाचव्या परिच्छेदात टायर फुटला. तितकं बरळल्याशिवाय तो फुटत नाही. नानांना बरळणं मंजूर नाही. ते पहिल्या वाक्याची वाट बघत बसतात, ते येतं, झकास येतं, आणि पुढच्या ओळीपासून आपण सामान्य लिहू या भीतीनं ते वही मिटतात. उत्तम संपादकांपैकी कितीतरी जणांचं असंच होत असावं. दुसऱ्याचा कचरा चिवडायला त्यांना हरकत नसते. स्वतःचा करायला जीव होत नाही.

आणि एक शेवट असा आहे की जो नानांना आजवर साधलेला नाही. तो म्हणजे निरोप. आमच्याकडे आले की निघताना "बरं, येतो" म्हणून उठतात, चपलेत एक पाय घालतात आणि दाराची कडी धरून नवा परिच्छेद सुरू करतात. सुरुवात इतकी चांगली असते की आम्हीही उभ्याउभ्या ऐकत राहतो. तो संपत आला की "असो, निघतो आता" म्हणून दुसऱ्या पायात चप्पल, आणि त्या 'असो'मधून तिसरा परिच्छेद. लिफ्टचं दार उघडं धरूनही त्यांनी केसरीचा १८९७ सालचा मथळा सांगितलेला आहे, वरच्या मजल्यावरचे लोक बटण दाबून कंटाळेपर्यंत. हे सगळं मिटवायला समोरच्या घरातून काकूंचं एक वाक्य यावं लागतं: "अहो, आमटी गार झाली." ते वाक्य मी नानांच्याच कसोट्या लावून तपासलं आहे. वरून कापता येत नाही, खालून कापता येत नाही, आणि त्यानंतर बोलायची नानांची टाप नाही.

तर वाचकांपैकी ज्यांच्याकडे मधला मजकूर तयार असेल, मग ती कादंबरी असो, यात्रावर्णन असो नाहीतर सोसायटीची नोटीस, त्यांनी खुशाल नानांकडे यावं. संध्याकाळी पाच ते सात ते घरी असतात. चहा मिळतो, पैसे घेत नाहीत, कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेलं असावं एवढाच आग्रह. चांदीच्या तांब्याचं पुढे काय झालं हे कोणाला सुचलं तर तेही घेऊन या. फक्त साताच्या आत उठा, कारण दारापर्यंत सोडायला नाना स्वतः येतात.